विहिरीजवळची परिषद

१९७८ सालच्या दिवाळीच्या सुटीत खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेतून सहा मुली आणि चार मुलगे बेळगावला एका 'विद्यार्थी नेतृत्व परिषदे'साठी गेलो होतो. मी तेव्हा दहावीत होते. परिषद हा शब्द तसा मोठाच. प्रत्यक्षात तीन दिवसांचे शिबिर होते. टिळकवाडीतल्या एका शाळेच्या वर्गांतून बाके भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या होत्या. दारावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत फलक लावला होता, आणि त्यातल्या मराठी ओळीत 'विद्यार्थी' हा शब्द चुकीचा लिहिला होता. आमच्या बरोबर आलेले गुरुजी तीन दिवस त्या फलकाखालून जाताना दरवेळी चक् असा आवाज काढीत.

पहाटे शिट्टी वाजली की प्रभातफेरी निघे. ती काँग्रेस रोडवरून जाई. एका सकाळी आमच्यातल्या एकीने बरोबरच्या मार्गदर्शकांना विचारले, "सर, ह्या रस्त्याला काँग्रेस रोड का म्हणतात?" सर म्हणाले, "झाली असेल पूर्वी कधीतरी सभा." आणि पुन्हा शिट्टी वाजवून त्यांनी रांग सरळ केली. त्याच रस्त्यालगत एक भली मोठी दगडी विहीर आहे. तिला लोक काँग्रेस विहीर म्हणतात. तिच्याजवळून आम्ही तीन सकाळ 'डावा-उजवा' करीत गेलो, आणि नेतृत्व म्हणजे काय हे ऐकण्यासाठी परत वर्गात येऊन बसलो. नेत्याच्या अंगी कोणकोणते गुण असावेत याची पाहुण्यांनी सांगितलेली यादी मी वहीत उतरवून घेतली होती. त्यातला 'वक्तृत्व' एवढा एकच आता आठवतो, कारण मला बक्षीस त्याचेच मिळाले.

त्या रस्त्याला ते नाव कशामुळे पडले, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. ते तेव्हाच कुणी सांगितले असते, तर तीन दिवसांतले निदान एक व्याख्यान तरी वाचले असते.

राष्ट्रीय सभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावला भरले. अध्यक्ष होते महात्मा गांधी. गांधीजींनी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद आयुष्यात एकदाच स्वीकारले, ते इथे. बेळगावकर ही गोष्ट अभिमानाने सांगतात आणि त्यांनी ती सांगावीच. पण मला कुतूहल आहे ते अधिवेशनाच्या तयारीचे. अध्यक्षीय भाषण पुस्तकात मिळते. मांडवाचे खांब कुणी रोवले, पाणी कुणी ओढले, हे शोधावे लागते.

स्वागताची सगळी धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्या खांद्यावर होती. हुदलीचे हे देशपांडे वकील होते आणि टिळकांचे अनुयायी. टिळकांच्या पश्चात ते गांधीजींच्या मागे गेले. 'कर्नाटकाचा सिंह' म्हणून ते प्रसिद्ध झाले. मात्र स्वतःची जीवनकथा त्यांनी लिहिली ती मराठीत. आज हे वाक्य बेळगावात कुणापुढे उच्चारावे याचा दोनदा विचार करावा लागेल. त्या काळी मात्र त्यात काही विसंगत आहे असे कुणाला वाटत नव्हते. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी, अशी माणसे आपल्या भागात तेव्हाही होती, आजही आहेत. असो.

टिळकवाडीच्या मोकळ्या माळावर गंगाधररावांनी एक गावच वसवले. त्याला नाव दिले विजयनगर. प्रवेशद्वारी हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या गोपुरासारखे गोपुर उभारले. हजारो माणसे काही दिवस राहणार म्हटल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. त्यासाठी नवी विहीर खणली, आणि विजयनगरच्या इतिहासाला साजेसे तिला पंपासरोवर असे नाव दिले. खर्च आला चार हजार तीनशे सत्तर रुपये आणि वर तीन आणे. वरचे तीन आणेसुद्धा हिशेबात नोंदवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. गांधीजींसाठी बांबूची आणि खादीची कुटी बांधली होती. ती इतकी देखणी झाली की गांधीजींनी तिला महालाच्या पंक्तीला बसवून संकोच व्यक्त केला. गावठाण उठून गेले, गोपुर गेले, कुटी गेली. विहीर राहिली.

अधिवेशनातल्या राजकारणात फार शिरत नाही. असहकाराची चळवळ थांबलेली, स्वराज्य पक्षवाले आणि गांधीजींचे अनुयायी यांच्यात फाटाफूट झालेली. ती सांधण्यासाठी कलकत्त्याला झालेला करार बेळगावात मंजूर झाला. त्याबरोबरच सभासदत्वाची एक विलक्षण अट ठरली : चार आण्यांच्या वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार वार सूत कातून द्यायचे. ही अट एक वर्षदेखील टिकली नाही. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात पाटण्याला ती सैल करावी लागली. पण तिच्यामागचा विचार सरळ होता. ज्याला पुढारी व्हायचे त्याने आधी हात चालवावेत.

हात चालवणारी पोरे गोळा करण्याचे काम केले डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर यांनी. ह्या माणसाबद्दल आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. १८८९ सालचा जन्म, मूळ धारवाडकडचे. वैद्यकीचे शिक्षण कलकत्त्याला झाले; मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकले आणि तिथे लाला लजपतराय यांच्याबरोबर हिंदी स्वराज्याच्या प्रचारात काम केले. परत आल्यावर हुबळीत तरुणांची संघटना बांधली. १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला तेव्हा हुबळीची ही पोरे तुरुंगात गेली. तुरुंगातल्या हालांमुळे अनेकांनी माफी लिहून दिली. हुबळीच्या तुकडीने दिली नाही. शिस्त आधी शिकवलेली असली तर माणूस कसोटीच्या वेळी मोडत नाही, एवढा धडा हर्डीकरांनी त्यातून घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काकिनाड्याच्या अधिवेशनात 'हिंदुस्थानी सेवा दल' स्थापण्याचे ठरले. गणवेश आणि कवायत ह्या गोष्टी अहिंसेत बसतात का, अशी शंका घेणारे काँग्रेसमध्ये होतेच. जवाहरलाल नेहरू मात्र हर्डीकरांच्या बाजूने उभे राहिले.

बेळगाव ही या दलाची पहिली मोठी परीक्षा. शाळा-कॉलेज सोडलेली आणि न सोडलेलीही मुले विजयनगरात राबली. स्टेशनवर प्रतिनिधींना उतरवून घेणे, पहारा, पाणी, दिवाबत्ती, हरवलेल्यांचा शोध, पंगती. हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांनी दीडशेच्या वर स्त्रिया स्वयंसेविका म्हणून उभ्या केल्या. त्यांत विधवा होत्या. १९२४ साली घराच्या माजघरातून विधवेला उठवून हजारो परक्या माणसांच्या मांडवात आणायचे, आणि तिच्या दंडावर पट्टी बांधून 'ह्या बाजूने चला' असे पुरुषांना सांगायला लावायचे, ही गोष्ट मला त्या अधिवेशनातल्या कोणत्याही ठरावापेक्षा मोठी वाटते. उमाबाई स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. त्यांना ते माजघर ठाऊक होते.

गांधीजींनी नंतर 'यंग इंडिया'त बेळगावची हकीगत लिहिली. गंगाधररावांची आणि हर्डीकरांच्या स्वयंसेवकांची त्यांनी तारीफ केली. पण त्यांची नजर मोरीकडे गेल्याशिवाय राहत नसे. सफाई एकंदरीत चांगली, तरी सांडपाण्याची व्यवस्था जुनाट होती, असा शेरा त्यांनी त्यातच मारला आहे. हजारो माणसे जेवली की हजारो पत्रावळी उठतात आणि त्या कुणीतरी उचलाव्या लागतात. हे 'कुणीतरी' कोण, हा प्रश्न त्या मांडवातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीला पडला होता.

ती मुलगी धारवाडची. स्वागतगीत म्हणायला ज्या शाळकरी मुली आणल्या होत्या, त्यांत ती उभी होती. पुढे ती गंगूबाई हनगल म्हणून सगळ्या देशाला माहीत झाली. तिची आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचे उत्तम गात असे. पण घराणे देवदासींचे, म्हणजे गाण्याला मान आणि गाणाऱ्याला नाही. शेजारच्या ब्राह्मणाच्या बागेत आंबे काढायला गेली म्हणून ह्या पोरीला शिव्या खाव्या लागल्या होत्या. अशी ती पोर गांधीजींपुढे उभी राहून गायली. गांधीजींना गाणे आवडले. पण त्या दिवशी आपल्या मनात काय चालले होते ते गंगूबाईंनी पुढे आठवणींत सांगितले आहे. आपण हलक्या जातीच्या, तेव्हा जेवणे झाल्यावर उष्टी काढायला आपल्यालाच सांगतील की काय, ही धास्ती त्यांना होती.

त्यांना तसे कुणी सांगितले नाही. पण अकरा वर्षांच्या मुलीला, समोर गांधीजी बसलेले असताना, ती भीती वाटली, ही इतिहासातली नोंद आहे. अधिवेशनाच्या अहवालात ती असणार नाही. अस्पृश्यता निवारण हा काँग्रेसच्या कार्यक्रमाचाच भाग होता, आणि त्यावर ठराव करणाऱ्यांच्या मनात खोट होती असे मी म्हणत नाही. मुलांना मात्र ठराव ऐकू येत नाहीत. मोठी माणसे कुणाकडे बोट करून काम सांगतात, एवढेच त्यांना दिसते.

गंगूबाईंची ही आठवण मी प्रथम वाचली ती २००९ सालच्या जुलैमध्ये. त्या २१ तारखेला हुबळीत गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्यावर आलेले लेख मी कात्री घेऊन बसून वाचत होते. ह्या ओळीशी आल्यावर कात्री खाली ठेवली आणि १९७८ सालची माझी वही शोधायला माळ्यावर चढले.

वही सापडली. नेत्याचे गुण पहिल्या पानावर आहेत. तिसऱ्या पानावर माझ्याच वळणदार अक्षरात एक यादी आहे.

त्याचे असे झाले. परिषदेत आमच्या तुकड्या केल्या होत्या. नऊ मुलींच्या एका तुकडीची मी गटप्रमुख झाले. तीत आमच्या शाळेतल्या सहाही जणी होत्या. बाकीच्या तिघी बेळगावच्या, त्यांतल्या दोघी कन्नड शाळेतल्या. जेवणानंतर आपापल्या तुकडीची ताटे घासायची, आणि पाळी कुणाची हे गटप्रमुखाने ठरवायचे, असा नियम होता. 'कामाची वाटणी हेच खरे नेतृत्व' असे पहिल्याच दिवशी आम्हाला सांगण्यात आले होते. मी वाटणी केली. पहिल्या दिवशी दुपारी दोघींची नावे लिहिली, त्यांत आमच्या वर्गातली एक. तिचे नाव इथे देत नाही. रात्री पुन्हा तीच आणि दुसरी कुणीतरी. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ती.

मला तिच्याबद्दल वाईट वाटत नव्हते, राग नव्हता, काहीच नव्हते. तिची आई आमच्या आळीत लग्नकार्याला भांडी घासायला येत असे. मागल्या दारी राख आणि काथ्या घेऊन बसे. तिला जेवण वाढायचे ते तिथेच, वरून. मुलगी बरोबर असे. यादी करताना माझ्या मनात जो विचार आला तो मला आजही शब्दशः आठवतो : हिला सवय आहे. दुसऱ्या कुणाचे नाव लिहिले असते तर कटकट झाली असती. कन्नड शाळेतल्या मुलींना सांगायचे तर माझे कन्नड तोकडे. ही काही बोलणार नाही, हे मला माहीत होते, आणि ती बोलली नाही.

ताटे घासून होईपर्यंत दुपारचे सत्र सुरू झालेले असे. नळ एकच, आणि सगळ्या तुकड्यांची रांग. अशी तिची दोन सत्रे बुडाली. समारोपाच्या दिवशी आयोजकांनी हजेरीपट पाहिला आणि सर्व सत्रांना हजर असलेल्यांनाच प्रमाणपत्र मिळेल असे जाहीर केले. आमच्या शाळेतल्या दहापैकी नऊ जणांना प्रमाणपत्र मिळाले. ती का गैरहजर होती हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती तिथे होती. ती व्यासपीठावर वक्तृत्वाचे बक्षीस घेत होती. माझ्या भाषणाचा विषय होता 'समता'.

सांगणे अवघड नव्हते. गुरुजी बाजूलाच होते. एक वाक्य पुरे होते. ते मी का बोलले नाही याचे खरे उत्तर एवढेच, की ते बोलायचे असते हे मला सुचलेच नाही. लाज वाटायलासुद्धा काही तरी कळलेले असावे लागते.

तरुणांच्या परिषदांचा आपल्याकडचा इतिहास बराच जुना आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर काँग्रेसच्या वेळी लाला लजपतरायांच्या अध्यक्षतेखाली कॉलेज विद्यार्थ्यांची अखिल भारतीय परिषद भरली होती. १९३६ साली लखनौला विद्यार्थी फेडरेशन स्थापन झाले; त्याचे उद्घाटन नेहरूंनी केले आणि अध्यक्षस्थानी जीना होते. पुढे काय घडले हे माहीत असणाऱ्याला ती दोन नावे एका व्यासपीठावर वाचताना चमत्कारिक वाटते. आपल्या मराठी मुलखात ४ जून १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाची नवी बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, आणि साने गुरुजींनी शिबिरांतून मुलांना झाडू हातात घ्यायला लावले. विठ्ठलाच्या देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली उपोषण केलेल्या माणसाच्या शिबिरात ताटे कुणी घासायची याची यादी कशी होत असेल, हे सांगायला नको. त्याच गुरुजींनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. भाषाभाषांतल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, असे तिचे सूत्र. आपण सीमेवरची माणसे. आपल्या इतकी ही कल्पना कुणाला लागू पडत असेल? मी तर नळावरच्या पाळीपुरतेही कन्नड शिकले नव्हते.

बेळगावच्या मातीवर परिषदांचे ओझे भरपूर आहे. १९२४ साली काँग्रेसच्याच मांडवात सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषद झाली. तिथून बावीस वर्षांनी, १९४६ साली, याच गावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन्ही ठराव आपापल्या जागी मनापासूनचे होते. १ नोव्हेंबर १९५६ नंतर त्या दोहोंच्या मधे आपण सापडलो ते सापडलोच. ह्या विषयावर या भागातल्या दिवाळी अंकांनी पुष्कळ शाई खर्चिली आहे. मी भर घालत नाही.

२०२४ च्या डिसेंबरात त्या अधिवेशनाला शंभर वर्षे झाली. मी बेळगावला गेले होते, आता कागदोपत्री बेळगावी. रस्त्यांवर रोषणाई होती, कमानी होत्या, गांधीजींची चित्रे होती. २६ तारखेला काँग्रेसच्या कार्यसमितीची बैठक झाली, आणि त्याच रात्री माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या निधनाची बातमी आली. दुसऱ्या दिवशीची जाहीर सभा रद्द झाली; ती पुढे २१ जानेवारी २०२५ रोजी घेतली गेली. २७ च्या सकाळी मी विहिरीपाशी जाऊन आले. काठावरून वाकून पाहिले. १९७८ साली आम्ही तीन सकाळ जवळून गेलो, पण वाकून कुणी पाहिले नव्हते. रांग मोडली असती.

वही आणि गंगूबाईंची आठवण या दोन गोष्टी माझ्या मनात एकत्र आल्या त्या २००९ साली हे खरे. पण त्याच्या आधी एकदा तिची माझी भेट झाली होती. १९९४ सालचा मे महिना होता. खानापूरच्या बसस्टँडवर मी मुलांना घेऊन उभी होते. "काय गे, वळीकलीस काय?" असे मागून कुणी म्हणाले. मी ओळखले. ती अंगणवाडीत काम करीत होती. कसल्याशा प्रशिक्षणाहून परत चालली होती, हातात फाईल होती. घरचे विचारून झाले, मुलांची नावे झाली. मग तीच म्हणाली, "ते बेळगावचं आठवतंय काय तुला? तुझं भाषण लई छान झालं होतं. मी नळावर होते, पण सगळं आयकू येत होतं की."

मी म्हणाले, "होय काय?"

तेवढ्यात तिची बस लागली.